यीस्टचा तिसरा गडी

हर्षालीची नऊ वर्षं यीस्ट मारण्यात गेली, आणि यीस्ट काही मेलं नाही. म्हणजे बशीत मरायचं, अगदी रोज मरायचं. पण यीस्ट मारायला अक्कल लागत नाही, उकळतं पाणी ओतलं तरी ते मरतं. ते माणसाच्या अंगात असताना मेलं पाहिजे आणि माणूस जगला पाहिजे, एवढीच काय ती अट होती. त्या एवढ्याशा अटीपायी तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं.

काम मुरबाडच्या एमआयडीसीत. एका लहानशा औषध कंपनीच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये गद्रे सरांनी प्रयोगशाळा थाटली होती. पुढे खोकल्याचं सिरप बनायचं आणि त्याच्या जिवावर मागे संशोधन चालायचं. गद्रे सर परदेशात शिकून आलेले, मुंबईत कोणाशी पटलं नाही म्हणून इथे येऊन पडलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. जंतू मारायची औषधं ढिगाने आहेत, कारण जंतू आपला कोणी लागत नाही. बुरशी मात्र आपल्या चुलत घराण्यातली. यीस्टही त्यातलंच. त्याच्या पेशीतली यंत्रं आणि आपल्या पेशीतली यंत्रं जवळजवळ एकच, त्यामुळे त्याला मारायला उचललेला दगड आपल्याच कपाळात बसतो. म्हणून बुरशीवरची औषधं बोटांवर मोजण्याएवढी, आणि त्यातलंही एखादं माणसाचं मूत्रपिंड खाऊन टाकणारं.

पण एका ठिकाणी दोघांत फरक होता, आणि सरांनी सगळं आयुष्य त्या फरकावर लावलं होतं. तो फरक हर्षालीने एकदा दिपेशला, आपल्या धाकट्या भावाला, जीपमध्ये समजावून सांगितला होता. दिपेश शहापूर-मुरबाड काळी-पिवळी चालवायचा, आणि हर्षाली रोज सापगावहून त्याच्या शेजारच्या सीटवर बसून कामाला जायची. तिने सांगितलं, पेशीत प्रथिनं बनतात ती खळ्यावर भात झोडल्यासारखी. एक जण भारा आणून देतो, दुसरा तो पाटावर आपटतो. माणसाच्या पेशीत दोघांवर भागतं, रिकामा पेंढा आपोआप बाजूला पडतो. यीस्टचं तसं नाही. त्याला रिकामा पेंढा ओढून काढायला तिसरा गडी लागतो. तो नाही आला तर पेंढा तिथेच साचतो आणि खळं बंद पडतं. हा तिसरा गडी माणसात नसतोच. मग त्या एकट्याचेच हात बांधले, तर यीस्ट मरेल आणि माणसाला पत्ताही लागणार नाही.

दिपेशने गिअर टाकत म्हटलं होतं, की एवढी वर्षं एका गड्याच्या मागे हिंडतेस, तर लगीन तरी लाव त्याच्याशी. मागच्या सीटवरच्या बायका हसल्या होत्या. हर्षालीही हसली होती. तिशी ओलांडलेल्या बिनलग्नाच्या बाईला गावात यापेक्षा वाईट ऐकावं लागतं, आणि दिपेशच्या थट्टेत काटा नसायचा.

तर असा त्या गड्याचा शोध. उंबरमाळीच्या रानातली माती आण, वैशाखऱ्याच्या घाटपायथ्याची आण, तिच्यातले जीव वाढव, ते जो रस सोडतात तो गाळ आणि यीस्टवर टाकून बघ. आधी जिवंत यीस्टवर, मग यीस्ट फोडून काढलेल्या त्याच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर. हे यंत्र बर्फात ठेवावं लागायचं, आणि तालुक्याला वीज कधी यायची नि कधी जायची ते महावितरणच जाणे. भारनियमनात जनरेटरने दगा दिला की आठवड्याभराचं काम पाणी होऊन जायचं. हर्षाली रडायची नाही. नळ्या धुवायला टाकायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. चाळीस रस आले आणि गेले. कोणी यीस्टला शिवलाच नाही, कोणी पुढच्या तपासणीत रक्ताच्या पेशी फोडल्या, कोणी यीस्टच्या आधी, माणसाच्या ऐवजी तपासायला ठेवलेलं सशाच्या पेशीचं यंत्र बंद पाडलं, आणि जे सशाचं बंद पाडतं ते माणसाचंही पाडणारच. एक्केचाळिसावा मात्र वेगळा निघाला. त्याने यीस्टचा तिसरा गडी धरला आणि सशाच्या यंत्राला बोट लावलं नाही. गद्रे सरांनी त्या दिवशी सगळ्यांना वडापाव खायला घातला, आणि एक्केचाळीस पुढच्या तपासणीसाठी सशांना द्यायला पुण्याच्या एका संस्थेत पाठवून दिला. तिथला निकाल यायला महिने लागणार होते.

आता बाईजाचं सांगायला हवं. बाईजा म्हणजे या दोघांची आई, आणि सापगावात बाईजा म्हटलं की लोकांना आधी तिची जीभ आठवायची. भांडकुदळ होती म्हणून नव्हे. सुगीत डोळ्यात भाताचं तूस गेलं, कुसळ गेलं, की लोक डॉक्टरकडे जात नसत, बाईजाकडे येत. ती माणसाला ओटीवर उजेडाकडे तोंड करून बसवायची, मिठाच्या पाण्याने चूळ भरायची, दोन बोटांनी पापणी वर करायची आणि जिभेचं टोक डोळ्यातून फिरवायची. अलगद, एकदाच. मग जीभ बाहेर काढून दाखवायची, तर टोकावर तूस चिकटलेलं असायचं. ऐकून शहरातल्या माणसाला शिसारी येईल. येऊ दे. डोळ्यात तूस गेलेल्या माणसाला विचारा. बोळा टोचतो, पदराचं टोक टोचतं, जिभेइतकं मऊ माणसाकडे दुसरं काही नाही. हे काम बाईजाला तिच्या सासूने दिलं होतं, आणि त्याचं काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही, घेतलं तर गुण जातो, हेही तिनेच सांगून ठेवलं होतं. नवरा गेल्यावर दोन पोरांना वाढवताना या बाईने गावात कोणापुढे मान खाली घातली नाही, त्याला हे एक कारण होतं. सुगीचे दिवस आले की गावातली मोठी मोठी माणसं तिच्या ओटीवर येऊन गपगुमान बसायची.

दोन वर्षांपूर्वी बाईजाला साखर निघाली. गोळ्या ती आठवण झाली की घ्यायची, आणि आठवण तिला बेताचीच व्हायची. तेव्हापासून तिच्या तोंडात पांढरा थर धरायला लागला. ती म्हणायची तोंड आलंय. शहापूरच्या डॉक्टरने त्यावर बुरशीच्या गोळ्या दिल्या होत्या. चार घेतल्या की बरं वाटायचं, मग उरलेल्या डब्यात जायच्या, पुन्हा थर धरला की डबा उघडायचा. हर्षालीने ते पाहिलं होतं, त्यावरून आईला बोललीही होती, की अर्धी औषधं घेऊन तू त्या बुरशीला शहाणी करतेस. बाईजा बरं म्हणायची. पालथ्या घड्यावर पाणी. पण तो पांढरा थर म्हणजे यीस्टच, आणि तो जिथे बसलाय ती जीभ लोकांच्या डोळ्यात जाते, ही गोष्ट नऊ वर्षं यीस्टमागे लागलेल्या या पोरीच्या डोक्यात आली नाही. घरातलं आईचं तोंड आणि कामावरची काचेची बशी तिच्या मनात कधी एका ठिकाणी आलीच नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दिवाळी उलटली, भात खळ्यावर आलं. दिपेशने दोन दिवस जीप लावली नाही, झोडणी उरकून घेऊ म्हणाला. दुसऱ्या दिवशी भारा आपटताना तूस उडालं आणि त्याच्या उजव्या डोळ्यात बसलं. तो डोळ्यावर हात दाबून ओटीवर आला. बाईजाने चूळ भरली, पापणी वर केली, जीभ फिरवली आणि तूस काढून दाखवलं. दिपेश डोळा पुसत परत खळ्यावर गेला. पेलाभर पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही या सगळ्याला.

दोन दिवसांनी डोळा लाल झाला. शेजारच्या देवरामकडे पोरांचे डोळे आले होते तेव्हाचे थेंब उरले होते, ते घातले. लाली गेली, दिपेशने जीप काढली. ते थेंब लाली मारायचे खरे, पण आतल्या बुरशीला मोकळं रान द्यायचे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आठवड्याने काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला, आणि उजेड डोळ्यात सुईसारखा घुसायला लागला. शहापूरच्या डॉक्टरने बघितलं आणि काही न लिहिता मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठिपका खरवडून तपासायला दिला आणि तीन दिवसांनी सांगितलं की यीस्ट आहे. त्यांना नवल वाटलं होतं. तुसाने डोळा बिघडतो तेव्हा बहुतेक शेतातली तंतूंची बुरशी निघते. यीस्ट राहतं माणसाच्या अंगावर, तोंडात. ते इथे कसं आलं, डोळ्याला दुसरं काही लागलं होतं का, असं त्यांनी विचारलं. दिपेश म्हणाला, काय नाय. त्याच्या मनातच आलं नसेल. कुसळ आईने काढलं, यात सांगण्यासारखं काय होतं? हर्षाली शेजारी उभी होती. तिला त्याच क्षणी कळलं, पण आईच्या जिभेचं तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही.

घरी येऊन तिने आईला आ करायला लावलं आणि कापसाची काडी जिभेवरून फिरवून घेतली. साखरेची तपासणी आहे म्हणून सांगितलं. दवाखान्यातून दिपेशच्या डोळ्यातलं यीस्ट तिने ओळखीने मागून आणलं होतं. यीस्टच्या प्रत्येक जातीला वेगळा रंग येतो अशा बशांत तिने दोन्ही शेजारी शेजारी वाढवली. दोन्ही एकाच हिरव्या रंगाची उगवली. बाईजाच्या डब्यातल्या गोळीला दोन्ही सारखीच दाद देत नव्हती, शहाणी झालेली. कोर्टात टिकेल असा पुरावा नव्हता तो, पण हर्षालीला कोर्टात जायचं नव्हतं. ती बशा हातात घेऊन स्टुलावर बसून राहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला बोल लावायचा?

मग तिने त्या यीस्टवर एक्केचाळीसचा थेंब टाकून पाहिला. तिला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल पडला होता, एकही ठिपका उगवला नव्हता.

दवाखान्यातले थेंब दर तासाला घालायचे होते. ते गारव्यात ठेवायला लागायचे, आणि वीज दिवसातून निम्मा वेळ नाही, म्हणून बाईजाने ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवले होते. थेंब घातले की दिपेश खाटेची कड आवळून धरायचा, एवढे ते जळायचे. ठिपका हरभऱ्याएवढा झाला. बाईजा दर तासाला घड्याळाकडे बघत उठायची, पोराचं डोकं मांडीवर घ्यायची आणि स्वतः थेंब घालायची. तिच्या तोंडून एकच निघायचं, माझ्या हातचा गुण गेला का काय, तूस काढलं तरी डोळा का नाय भरत.

एका दुपारी बाईजा भात वाळत घालायला बाहेर गेली, आणि दिपेश बांधलेला डोळा भिंतीकडे करून म्हणाला, "तुझा तो एक्केचाळीस आण."

हर्षालीने सांगितलं, की तो माणसाला अजून दिलेला नाही. सशालाही आत्ताच दिलाय, निकाल आलेला नाही.

"मला ठावं हाय. पन हा डोला जातोय ते बी ठावं हाय. जानारच हाय तर घालून बघ. तुझ्यावर कोन केस नाय करनार."

दुसऱ्या दिवशी हर्षालीने कामावरच्या फ्रीजरमधून बोटभर नळी काढली, थर्मासात बर्फ भरला, त्यात ठेवली आणि घरी आणली. चोरीच होती, दुसरा शब्द नाही. वाटेत तिने मुरबाडच्या बूथवरून गद्रे सरांना फोन लावला. एवढी वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली पोर, न सांगता करणं तिला जमेना. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

मग ते म्हणाले, "मी हो म्हणणार नाही, हर्षाली. तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं, तेही सांगणार नाही."

घरी थर्मास तिने फडताळात ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून भाकऱ्या केल्या. तिला आधीचे चाळीस आठवत होते. त्यातले कितीतरी नळीत भोळे वाटले होते, आणि पुढे गेल्यावर कोणी रक्त फोडलं, कोणी पेशी जाळल्या. हा नाही जाळणार कशावरून? डोळा जातोय, पण दुसऱ्या डोळ्याला, मेंदूला, काळजाला काही झालं तर? तिने यीस्ट ओळखलं होतं, त्याचा तिसरा गडी ओळखला होता. माणसाच्या अंगात शिरल्यावर एक्केचाळीस काय करतो ते मात्र तिला ठाऊक नव्हतं, आणि जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी तिने थर्मास उचलला आणि नळी परत फ्रीजरमध्ये नेऊन ठेवली. दिपेशला सांगितलं, नाही जमणार. तो म्हणाला, बरं. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, आणि ते तिला जास्त लागलं. भांडला असता तर हलकं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात बुबुळ फाटलं. डोळा काढावा लागला नाही एवढंच, पण त्यातून दिसणं संपलं.

दवाखान्यातून परत येताना हर्षालीने त्याला सगळं सांगितलं. हिरव्या रंगाचं, आईच्या तोंडातल्या थराचं, सगळं. आपण का नाही घातला एक्केचाळीस, तेही. दिपेश ऐकत होता. शहापूरच्या स्टँडवर उतरल्यावर त्याने पहिलं वाक्य काढलं.

"आईला यातला काय सांगू नको. माझा एक डोला गेला. तिचा सगलाच जाईल."

हर्षालीने मान हलवली. तिच्यात वाद घालायचं त्राण राहिलं नव्हतं. झोडण्या संपल्या होत्या, आता वर्षभर कोणी तूस घेऊन येणार नव्हतं. तोवर आईची साखर आटोक्यात आणू, तोंड बरं करू, मग सांगायची वेळच येणार नाही, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस दमला की असलीच समजूत घालून घेतो.

ते वर्ष कसं गेलं ते लांबण लावून सांगण्यात अर्थ नाही. दिपेशचा प्रवासी गाडी चालवायचा बॅज गेला, जीप त्याने दुसऱ्याला चालवायला दिली आणि स्वतः स्टँडवर उभा राहून मुरबाड, मुरबाड ओरडायला लागला. एक स्थळ आलं होतं, ते पुन्हा फिरकलं नाही. पुण्याचा निकाल उन्हाळ्यात आला. एक्केचाळीसने सशांचं यकृत नासवलं होतं. तिसऱ्या गड्याशी त्याचा संबंध नव्हता, दुसरीच काहीतरी खोड होती त्याच्यात, आणि ती कोणती हे शोधायला कंपनीकडे बळ राहिलं नव्हतं. गद्रे सरांनी सगळ्यांना बोलावून शांतपणे सांगितलं की मागची शेड आता सिरपच्या बाटल्या ठेवायला जाणार. निकालात सशांच्या डोळ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण डोळ्यात कोणी थेंब घातलाच नव्हता. वरून एक थेंब घातला असता तर तो यकृतापर्यंत पोचला असता का, आणि दिपेशचा डोळा वाचला असता का, हे आता कधीच कळणार नव्हतं. हर्षालीला सिरपच्या खात्यात घेतलं. ती गोडी तपासायची, रंग तपासायची, पाच वाजता घरी यायची. लोक म्हणायचे बरं झालं, आता वेळेवर तरी येतेस.

बाईजाची साखर खाली यायची, वर जायची. तोंड बरं व्हायचं, पुन्हा थर धरायचा. नवी औषधं हर्षाली स्वतः उभी राहून लावायला लावायची, पण जेवणाचा डबा घेऊन ती बाहेर पडली की घरात कोण बघतंय?

पुन्हा भात खळ्यावर आलं. त्या रविवारी हर्षाली अंगणात धुणं घालत होती, तेव्हा देवरामची बायको कमळ एका डोळ्यावर पदर दाबून आली. तूस गेलं होतं. हात जोडल्यासारखं करून ती ओटीवर उजेडाकडे तोंड करून बसलीसुद्धा. बाईजा आतून तांब्या घेऊन आली. यंदाच्या सुगीत अजून तिच्याकडे कोणी आलं नव्हतं, पोराच्या डोळ्यानंतर लोक कचरत असतील अशी धास्ती तिने धरली होती. कमळ आली म्हणून तिच्या चालण्यात जोर आला होता. तिने चूळ भरली. आदल्या दिवशीच हर्षालीने तिच्या जिभेवर थर बघितला होता.

हर्षाली हातातलं ओलं लुगडं टाकून ओटीवर आली आणि म्हणाली की थांब, मी पाण्याने धुते. बाईजाने तिला कोपराने बाजूला केलं. पाण्याने निघत असतं तर ही माझ्याकडे कशाला आली असती, असं काहीसं ती बोलली आणि तिने कमळची पापणी वर केली.

"आई, नको. दिपेशचा डोळा त्यानेच गेलाय."

बाईजाची बोटं कमळच्या पापणीवर तशीच राहिली.

हर्षालीने मग सगळं सांगितलं, कमळच्या देखत, उभ्या उभ्या, सोप्या शब्दांत. तोंडातला पांढरा थर हे एक जिवंत बी आहे. साखरेमुळे ते तुझ्या तोंडात वाढतं. तुसाने डोळा आधीच ओरखडलेला असतो, त्यात ते रुजतं. दिपेशच्या डोळ्यात तेच निघालं. मी दोन्ही शेजारी ठेवून बघितलंय. सांगताना तिचा आवाज अजिबात चढला नाही, चढवायला अंगात काही उरलंच नव्हतं. कमळ एका डोळ्याने एकीकडून दुसरीकडे बघत होती.

बाईजाने पापणी सोडली. ती आत गेली, आणि आता ही रडत बसणार असं हर्षालीला वाटलं. पण ती उकळून निवलेलं पाणी आणि धुतलेली वाटी घेऊन बाहेर आली आणि ते हर्षालीच्या हातात दिलं.

"धू," ती म्हणाली. "बिचारीला किती वेल बसवतंस."

पाण्याने पहिल्या वेळी निघालं नाही, दुसऱ्या वेळी नाही. कमळ कण्हत होती. बाईजा जवळ उभी राहून सांगत होती, की वरच्या पापणीच्या आत बघ, कोपऱ्यात, तिथेच लपतंय. तिथेच होतं. तूस वाहून खाली आलं. कमळने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आणि जाताना नेहमीसारखी बाईजाच्या पाया पडायला वाकली. बाईजा दोन पावलं मागे सरली.

ती गेल्यावर बाईजाने विचारलं, "त्याला ठावं हाय?"

"हो."

"कवाधरनं?"

"दवाखान्यातून आणला तेव्हापासून."

बाईजाने मान हलवली. वर्षभर या पोराने तिच्या हातचं खाल्लं होतं, तिच्या मांडीवर डोकं ठेवून नंतरचेही थेंब घालून घेतले होते, डोळा का नाय भरला म्हणून ती देवाला बोल लावायची तेव्हा आई गप ऱ्हा गो एवढंच म्हणाला होता. ती उंबऱ्यावर बसली. हर्षाली तिच्याजवळ बसली. तुझी चूक नाही म्हणावं तर ते खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

त्या संध्याकाळी दिपेश स्टँडवरून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. बाईजा रोज त्याच्या डाव्या हाताला बसायची, त्याला दिसत राहील अशी, आणि तिथून वाढायची. त्या दिवशी तिने वाढलं, आणि ताटाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला, त्याला दिसणार नाही अशी, जाऊन बसली. दिपेशने हर्षालीकडे बघितलं. हर्षालीने नजर खाली घातली, आणि त्याला कळलं.

तेव्हापासून बाईजा रोज तिथेच बसते. आणि दिपेश रोज जेवताना हातातला घास तसाच ठेवून, अख्खी मान वळवून तिच्याकडे बघतो आणि भात मागतो.